सही तिघांची, काम कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा तिसरीत आहे. वर्षाच्या सुरुवातीला शाळेकडून एक पत्रक आलं. त्यात पालकांच्या, विद्यार्थ्याच्या आणि शिक्षकांच्या जबाबदाऱ्या होत्या, खाली तिघांच्या सह्यांना जागा. तुम्ही सही केलीत. आता रोज संध्याकाळी गृहपाठावरून रडारड होते. बाई म्हणतात, घरून लक्ष द्या. तुम्ही म्हणता, शाळेत शिकवत असतील तर मला पुन्हा शिकवायला का बसावं लागतं? आणि शेवटी लिहिलंय, "मुलगा आम्हा दोघींकडे बघत बसतो."

मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. सव्वीस वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतले, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून काढली. असली पत्रकं मी स्वतः लिहून घरोघरी पाठवली आहेत, त्यामुळे त्यांची लबाडी मला आतून ठाऊक आहे. मुलगा दोघींकडे बघत बसतो, कारण त्याला नेमकं कळलेलं आहे की हे काम कुणाचं यावर मोठ्यांचं भांडण चालू आहे. भांडण मिटेपर्यंत ते त्याचं नाही. त्याच्या जागी मीही बघतच बसले असते.

पत्रकाची कूळकथा माहीत असलेली बरी. अमेरिकेत 1965 च्या शिक्षण कायद्यात गरीब वस्त्यांतल्या शाळांना जादा निधी देणारा एक भाग आहे. 1994 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि निधी घेणाऱ्या शाळांवर बंधन आलं: मुलांच्या प्रगतीची जबाबदारी पालक, शाळेतली सगळी माणसं आणि विद्यार्थी कशी वाटून घेणार, याचा लेखी करार पालकांसोबत बसून करायचा. 2015 च्या कायद्यातही हे कलम टिकलं. त्यातली एक अट मात्र फार मोलाची आहे. प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा पालक आणि शिक्षकांनी समोरासमोर बसायचं आणि तो करार त्या एका मुलाच्या संदर्भात बोलायचा. कागद देशोदेशी पोहोचला, बैठक मात्र बऱ्याच शाळांनी वाटेतच गाळली. उरली ती नुसती सही.

तुमचं पत्रक बाहेर काढून त्यातली क्रियापदं बघा. "पाल्यास प्रोत्साहन देणे." "अभ्यासाबाबत जागरूक राहणे." "नियमितपणे गृहपाठ करणे." मंगळवारी रात्री झोपताना आज यातलं काय केलं नि काय राहिलं, हे सांगता येतं का? मला तरी कधी सांगता आलं नाही. जे केल्याचं दिसत नाही ते न केल्याचंही दिसत नाही, मग वर्षभर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा.

माझं मत एवढंच आहे: वाटून घेतलेली जबाबदारी म्हणजे तिघांनी मिळून एकच काम करणं नव्हे. प्रत्येकाचं काम वेगळं, आणि दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, हाही त्या कामाचाच भाग. नळ गळतो तो बहुतेक सांध्यात. मुलाचं शिक्षणही घर आणि शाळा यांच्या सांध्यातच गळतं. सांध्यातून नेमकं काय इकडून तिकडे जायला हवं, हे एका वजाबाकीत दाखवते.

52 वजा 28. तिसरीतलं पोरगं घरी बसून उत्तर लिहितं, 36. आईच्या किंवा बाबांच्या तोंडून लगेच निघतं, "अरे, वेंधळ्या!" खोडरबर फिरतो, हातचा कसा घ्यायचा हे सांगितलं जातं. ते बऱ्याचदा वर्गातल्या पद्धतीहून वेगळं असतं, कारण आपण जसं शिकलो तसंच आपण शिकवतो. पोरगं म्हणतं, "आमच्या बाई असं नाही करत." आवाज चढतात. शेवटी 24 लिहिलं जातं, वही बंद होते. दुसऱ्या दिवशी बाई बघतात, 24. बरोबरची खूण. पुढे चला.

आता तो 36 पुन्हा बघा. त्यात वेंधळेपणा औषधालाही नाही. पोरानं दोनातून आठ जात नाहीत हे ओळखलं आणि आठातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्यानं अगदी काटेकोर पाळला आहे. दशक सोडवून दहा एकक करता येतात, ही कल्पनाच अजून त्याच्या डोक्यात बसलेली नाही. शिक्षकाला तो 36 म्हणजे डॉक्टरला रक्ताचा रिपोर्ट. तुम्ही प्रेमापोटी तो रिपोर्ट खोडून टाकलात. परीक्षेत तो पुन्हा उगवतो, तेव्हा बाई म्हणतात, "घरी तर सगळं बरोबर आणतो!" आणि तुम्ही म्हणता, "घरी तर येतं त्याला!" दोघीही खरंच बोलत असता.

म्हणून घरून बघायचं ते इतकंच: गृहपाठ काय आहे हे त्याला माहीत आहे का, तो बसला का, संपवला का. उत्तर चुकलेलं दिसलं तर विचारा, "हे कसं केलंस, मला सांग." सांगता सांगता त्याचं त्यालाच सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर 36 तसंच शाळेत जाऊ द्या. हवं तर समासात पेन्सिलीनं लिहा, "दोनातून आठ जात नाहीत, इथे अडला." ही एक ओळ अर्ध्या तासाच्या शिकवणीपेक्षा जास्त कामाची आहे.

यामागे माझा अनुभव तर आहेच, अभ्यासही आहे. 2015 साली मलोनी, बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठाला मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात इतरांपेक्षा कमी गणित शिकली आणि वर्षअखेरीस त्यांची धास्ती जास्त होती. तशीच धास्ती असलेले जे पालक फारसे मदतीला बसत नव्हते, त्यांच्या मुलांत हा परिणाम दिसला नाही. तुम्हाला गणिताची भीती असेलच असं नाही. पण संध्याकाळची रडारड रोजचीच झाली असेल, तर सध्या तुम्ही मदत करत नसून ताण पोहोचवता आहात, एवढं धरून चाला.

वेळेचंही एकदा ठरवून टाका. इयत्तेमागे दहा मिनिटं, हा एक ढोबळ ठोकताळा फार वर्षांपासून वापरात आहे. म्हणजे तिसरीला अर्धा तास, सगळे विषय धरून. गृहपाठावरच्या संशोधनाचा मोठा आढावा हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये घेतला. त्यात गृहपाठाचा आणि यशाचा संबंध सातवीपासून पुढे बराच दिसतो, खालच्या इयत्तांत तो क्षीण आहे. मग प्राथमिकमध्ये गृहपाठ द्यायचाच कशाला? माझ्या मते, स्वतःचं एक काम स्वतः सांभाळायची सवय लागावी म्हणून. त्यासाठी अर्धा तास पुष्कळ झाला. अर्धा तास मनापासून बसूनही संपलं नाही तर वहीत आडवी रेघ मारा, "इथपर्यंत 30 मिनिटं" असं लिहा, वही बंद करा. हे ऐकून पालकांच्या चेहऱ्यावर जी भीती दिसते ती मला ओळखीची आहे. पण पाच-सहा घरांतून अशा रेघा आल्या की शिक्षकाला कळतं, गृहपाठच जास्त झालाय. तुम्ही रात्री दहापर्यंत बसून तो पुरा करून पाठवलात तर त्याला हे कधीच कळणार नाही.

तुमच्या वाट्याची खरी कामं वेगळीच आहेत, आणि ती शाळेला कितीही वाटलं तरी करता येत नाहीत. पहिलं झोप. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी रोज नऊ ते बारा तास सांगितले आहेत. सकाळच्या पहिल्या तासाला अर्धवट झोपेतलं मूल मला बाकावर बसल्या क्षणी ओळखू यायचं. त्याला त्या तासाला काहीही शिकवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. वेळेवर शाळेत पोहोचवणं आणि उगाच खाडे न होऊ देणं हेही तुमचंच. तिसरं म्हणजे ऐकणं. मुलानं रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचावं आणि घरातल्या कुणीतरी ऐकावं. अडला तर लगेच शब्द पुरवू नका, मनात पाच आकडे मोजा. तरी अडला तर शब्द सांगा, वाचन पुढे जाऊ द्या. संपल्यावर प्रश्नपत्रिका काढू नका. "मग पुढे काय झालं?" एवढं पुरतं.

हे ऐकायला स्वतःला वाचता आलंच पाहिजे असं मुळीच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "पालकांचा सहभाग" म्हटलं की शाळांच्या डोळ्यांपुढे सभेला येणारे, इस्त्रीचे कपडे घातलेले, प्रश्न विचारणारे पालकच येतात. रात्रपाळी करणारी आई सभेला येत नाही म्हणजे तिला पर्वा नाही, असा शेरा मी स्टाफरूममध्ये किती वेळा ऐकलाय. एकेकाळी मीही मारलाय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन यांनी घर आणि शाळेच्या सहकार्याचे सहा प्रकार मांडले. सांभाळ, संवाद, शाळेतलं स्वयंसेवी काम, घरी शिकण्याला साथ, निर्णयातला वाटा, आणि आसपासच्या समाजाशी दुवा. सभेची हजेरी यातल्या एखाद्या-दुसऱ्यातच मोजली जाते, बाकीचं शाळेला दिसतच नाही. काही दिसत नसेल तर आधी विचारावं, मग शेरा मारावा.

आता शिक्षकांचा वाटा. इथे मी माझ्याच लोकांना बोलणार आहे. शिकवणं हे शाळेचं काम, पूर्णविराम. वर्गात न शिकवलेला भाग गृहपाठात घालणं ही चोरवाट आहे. गृहपाठ असा हवा की मूल तो एकट्यानं, कुणाच्या मदतीवाचून करू शकेल. मोठ्यांच्या हाताशिवाय होणार नाही असा प्रकल्प दिला की दुसऱ्या दिवशी वर्गात पालकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. थर्माकोलच्या सुबक ज्वालामुखीशेजारी एखाद्याचा वाकडातिकडा, पण स्वतः केलेला ज्वालामुखी मान खाली घालून उभा असतो. मी असे प्रकल्प दिलेत आणि सुबक ज्वालामुखीला पहिलं बक्षीसही दिलंय. आता लाज वाटते. दिलेला गृहपाठ बघायचा नसेल तर तो देऊच नये. मुलं तीन दिवसांत ओळखतात की बाई बघत नाहीत, आणि चौथ्या दिवशी आपण घरी चिठ्ठी पाठवतो, "अभ्यासाकडे दुर्लक्ष."

चिठ्ठीवरून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या नोकरीच्या पाचव्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचं उतरवून घेताना गाळायची, शेजारणीच्या वहीत डोकावायची. डायरीत मी लिहिलं, "लक्ष देत नाही." महिन्यानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लाल शाईनं. वडिलांनी दर वेळी सही केली आणि दर वेळी तिला घरी बोलणी खावी लागली. चौथ्या महिन्यात एकदा तिची आजी तिला घ्यायला आली आणि सहज बोलून गेली, "बाई, ही टीव्हीला नाक लावून बसते हो, किती ओरडलं तरी." मी तिथल्या तिथे मुलीला फळ्यापासून चार पावलं मागे उभं करून अक्षरं वाचायला लावली. तिनं डोळे बारीक केले. आठवड्याभरात चष्मा लागला.

निम्मी गोष्ट घराला माहीत होती, निम्मी मला. दोन्ही निम्म्या एका ठिकाणी यायला चार महिने लागले, तेही शाळेच्या दारात, योगायोगानं. डायरी रोज इकडून तिकडे जात होती, पण मी तिच्यात निकाल लिहीत होते, दिसलेलं काही लिहीतच नव्हते. "फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळते, वहीतलं बघून लिहिताना मात्र गाळत नाही" असं लिहिलं असतं, तर ते तिच्या वडिलांना पहिल्याच आठवड्यात खटकलं असतं. तेव्हापासून एक नियम पाळला: घरी कळवायचं ते डोळ्यांनी पाहिलेलं, आपलं अनुमान नाही. आणि वर्षातला पहिला निरोप तक्रारीचा नसावा. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घरी एक तरी चांगली, नेमकी गोष्ट कळवावी. "हुशार आहे" ही ती नव्हे. "काल नव्या मुलाला स्वतःहून शेजारी बसवलं" ही आहे. पुढे कधी कठीण बोलायची वेळ आली की त्याचा उपयोग होतो.

हाच नियम तुम्हालाही लागू. "याला गणित आवडत नाही" असं बाईंना सांगू नका. "वजाबाकी आली की पेन्सिल खाली ठेवतो, बेरीज मात्र पटापट करतो" असं सांगा.

राहिला मुलाचा वाटा. पत्रकात तो सर्वांत लांबलचक असतो आणि सर्वांत पोकळ: शिस्त पाळणे, आज्ञा पाळणे, मन लावून अभ्यास करणे. आठ वर्षांच्या पोराला यातलं काय उचलायचं तेच कळत नाही. त्याचा वाटा लहान असावा, पण पूर्ण त्याचा असावा. पहिलीत दप्तर जागेवर ठेवणं, शाळेचा कागद घरी मोठ्यांच्या हातात देणं. दुसरीत दप्तर स्वतः भरणं, मोठ्यांनी नुसती नजर टाकायची. तिसरीत आज काय अभ्यास आहे हे स्वतः माहीत असणं, आणि कळलं नाही तर बाईंना विचारणं. हे विचारणं मुलांना फार जड जातं, तेव्हा घरी वाक्य पाठ करून घ्या: "बाई, मला हे इथपर्यंत समजलं, इथून पुढे नाही." चौथी-पाचवीत आठवड्याचं काम दिवसांवर पाडणं. दर वर्षी एक काम मोठ्यांच्या हातातून त्याच्या हातात जायचं, आणि एकदा दिलं की परत घ्यायचं नाही.

खरी पंचाईत इथेच होते. वही घरी राहिली. तुम्हाला साडेनऊला ती टेबलावर दिसली. तुम्ही धावत शाळेच्या फाटकाशी आलात. अशा किती आया-बाबांना मी फाटकाशी पाहिलंय, धापा टाकत, हातात वही, चेहऱ्यावर राग आणि कर्तव्य एकदमच. मी मुख्याध्यापिका झाल्यावर चष्मा आणि औषध सोडून मागाहून आलेली वस्तू वर्गात पोहोचवणं बंद केलं. पहिला महिना शिव्या खाल्ल्या. पण त्याच वेळी शिक्षकांनाही बजावलं होतं की वही विसरणाऱ्याला उभं करायचं नाही, चारचौघांत बोलायचं नाही. त्यानं कोऱ्या कागदावर लिहायचं आणि घरी जाऊन वहीत चिकटवायचं, बस. विसरण्याची एवढीच किंमत, तिसरीतल्या मुलाला परवडणारी. शिक्षक अपमान करणार असतील तर पालक वही घेऊन धावणारच, त्यांना दोष देता येत नाही. म्हणूनच हे एकट्यानं होत नाही, दोन्हीकडून एकाच वेळी हात मागे घ्यावा लागतो.

एक अपवाद नोंदवते. दोन-तीन महिने सगळ्यांनी आपापलं नीट करूनही मूल अक्षरांत, अंकांत किंवा नुसतं बसण्यातच अडकत असेल, तर जबाबदारीची चर्चा थांबवा आणि डोळे, कान आणि शिकण्यातली अडचण तपासून घ्या. तिथे शिस्त वाढवून काही होत नाही.

आता तुम्ही काय करायचं. बाईंकडे वीस मिनिटं मागा, सभेच्या गर्दीतली नव्हेत, वेगळी. मुलाला सोबत न्या. त्याच्याविषयी बोलायचं आणि त्याला बाहेर बाकावर बसवायचं, हे मला कधी पटलं नाही. पत्रक टेबलावर ठेवा. बाईंना विचारा, गृहपाठ किती मिनिटांचा धरून देता, आणि चुकलेलं उत्तर तसंच पाठवलं तर चालेल का? माझा अंदाज, त्यांना हायसं वाटेल. तुम्ही तुमची दोन कामं सांगा, दिसतील अशी. उदाहरणार्थ, "साडेआठला दिवा बंद" आणि "रोज दहा मिनिटं वाचन ऐकेन." बाईंनाही त्यांची दोन सांगू द्या. मग कागद मुलाकडे सरकवा आणि त्याची ओळ त्यालाच त्याच्या शब्दांत लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका.

अशाच एका बैठकीत एका पोरानं बराच वेळ पेन्सिल चावून लिहिलं होतं, "मी दप्तर भरीन. आई सारकं विचारणार नाही." बाई हसल्या, आईचा चेहरा पडला. मग आईनं त्याच्या ओळीखाली सही केली. दुसऱ्या आठवड्यात तो कंपासपेटी विसरला. तिसऱ्या आठवड्यात त्यानं दप्तराच्या पट्ट्याला कागदाची चिठ्ठी अडकवली, वर चार वस्तूंची नावं आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. ती शाळेत मी पाहिली. आईला तिच्याबद्दल कळलं ते थेट पुढच्या बैठकीत.